खिदिरपूरच्या गल्लीत जुने कॉम्प्युटर



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि फौज यांबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा असला तरी इतिहासाचाच आहे. आज बोलायचंय जुन्या कॉम्प्युटरबद्दल. तोफखान्यातल्या माणसाचा कॉम्प्युटरशी काय संबंध, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. तो पुढे सांगतो.

आधी एक प्रश्न. भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर कुठे आला? मी हा प्रश्न अनेकांना विचारला. बहुतेक जण बंगळूर म्हणतात, काही जण मुंबई म्हणतात, आणि आपले पुणेकर अर्थातच पुणे म्हणतात. उत्तर आहे कोलकाता. साल १९५५. शहराच्या उत्तरेला बरानगरमध्ये भारतीय सांख्यिकी संस्था आहे, तिथे तो आला. मी आज राहतो तेही कोलकात्यात, पण शहराच्या दक्षिणेकडे, अलिपूरला. तिथून पंधरा-वीस मिनिटं चाललं की खिदिरपूर लागतं. बरानगर आणि खिदिरपूर या दोन टोकांच्या मध्ये आपल्या देशाच्या कॉम्प्युटरचा बराच इतिहास पडून आहे. मी 'पडून आहे' म्हणतो ते मुद्दाम, कारण तो कोणी फारसा उचललेला नाही.

आता खिदिरपूर म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगतो. कोलकात्याची गोदी इथे आहे. १८९२ साली ती सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात, ५ डिसेंबर १९४३ला, जपानी विमानांनी या गोदीवर दिवसाढवळ्या बॉम्ब टाकले होते. शेजारी मटियाबुर्ज आहे. अवधचा नवाब वाजिद अली शाह राज्य गेल्यावर तिथे येऊन राहिला. मैदानाच्या बाजूला फोर्ट विल्यम आहे, आमच्या पूर्व कमांडचं मुख्यालय. आता त्याचं नाव 'विजय दुर्ग' झालंय, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून. ज्या कोलकात्याने १७४२मध्ये मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याच कोलकात्यातल्या किल्ल्याला आज मराठ्यांच्या जलदुर्गाचं नाव आहे. इतिहासाला अशी चेष्टा करायची हौस असते.

मैदानातून खिदिरपूरला एक ट्राम जायची. माझ्या नोकरीच्या काळात मी तिने बऱ्याचदा गेलोय. २०२०च्या अंफान वादळानंतर ती बंद झाली ती झालीच. आता बसने किंवा रिक्षाने जावं लागतं. मी दर दुसऱ्या रविवारी तसा जातो. कारण खिदिरपूरच्या एका गल्लीत, एका दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर, आम्ही सात-आठ जण जमतो आणि जुने कॉम्प्युटर उघडून बसतो. या मंडळाला नाव नाही, पाटी नाही, वर्गणी म्हणजे चहा आणि सोल्डरची तार. तीन वर्षांपूर्वी मी त्यात शिरलो. का शिरलो, आणि तिथे बसून इतिहासाबद्दल काय शिकलो, ते आज सांगायचं आहे.

आता तोफखान्याचा संबंध. मी गनर. आमचं शिक्षण देवळालीला, नाशिकजवळ, स्कूल ऑफ आर्टिलरीमध्ये. तोफ डागणं म्हणजे नळीतून गोळा सोडणं एवढंच नसतं. समोरचं लक्ष्य आठ-दहा किलोमीटरवर आणि बऱ्याचदा दिसतही नाही. वारा कुठून आहे, हवेचं तापमान काय आहे, दारूची पेटी थंड आहे की उन्हात तापलेली, तोफेची नळी किती झिजली आहे, या सगळ्याचा हिशोब करून नळीचा कोन ठरवावा लागतो. त्यासाठी फायरिंग टेबल नावाची जाडजूड कोष्टकं असतात. आम्ही तरुण असताना ती उघडून, पट्टी लावून, कागदावर आकडे काढायचो.

ही कोष्टकं कोण बनवायचं? तर 'कॉम्प्युटर' बनवायचे. हा शब्द मुळात माणसासाठी होता. गणितं करणारा कारकून म्हणजे कॉम्प्युटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी हे काम बहुतांश तरुण स्त्रिया करत होत्या. एका गोळ्याचा एक मार्ग, म्हणजे नळीतून सुटल्यापासून जमिनीवर पडेपर्यंतचा, हातयंत्रावर काढायला एका माणसाला साधारण वीस तास लागत. आणि एका कोष्टकात असे शेकडो मार्ग. नवी तोफ तयार व्हायची आणि कोष्टक मागे राहायचं. म्हणून अमेरिकी सैन्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला पैसे दिले आणि 'एनियॅक' हे यंत्र उभं राहिलं. फेब्रुवारी १९४६मध्ये ते जगाला दाखवलं. सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते त्यात. वीस तासांचं गणित ते अर्ध्या मिनिटात करायचं. तेव्हा तोफखाना नसता तर हे यंत्र त्या दिवसांत जन्माला आलं नसतं, असं म्हणायला हरकत नाही. माझा आणि कॉम्प्युटरचा संबंध हा असा आहे.

कोलकात्यात मात्र कॉम्प्युटर तोफांसाठी आला नाही. तो आला धान्य, कापड आणि माणसं मोजण्यासाठी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दुसरी पंचवार्षिक योजना त्यांच्या आराखड्यावर उभी होती. १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि देशभरातून घराघरांची माहिती गोळा व्हायला लागली. कागदांचे ढीग साचले. ते मोजायला माणसं अपुरी. महालनोबिसांना यंत्र हवं होतं.

पैसा नव्हता, परकीय चलन नव्हतं. म्हणून आधी त्यांच्या संस्थेत समरेंद्र कुमार मित्र यांनी १९५३मध्ये एक अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर बनवला. दहा अज्ञात संख्यांची एकरेषीय समीकरणं तो सोडवायचा. पंडित नेहरूंनी तो येऊन पाहिला. आणि मग १९५५मध्ये इंग्लंडहून आला एच.ई.सी.-२एम. ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने बनवलेला. किंमत सुमारे दोन लाख रुपये. त्याच्या स्मृतीत फक्त १०२४ शब्द मावायचे. इथे 'शब्द' म्हणजे यंत्राचा शब्द, एक आकडा किंवा एक आज्ञा. आजच्या हिशोबात सगळी मिळून चार-पाच किलोबाइट. तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या 'सुप्रभात'च्या चित्रालाही त्याहून कितीतरी जास्त जागा लागते. आणि ही स्मृती होती एका फिरत्या पिंपावर, मॅग्नेटिक ड्रमवर. हवा तो आकडा वाचायच्या काट्याखाली येईपर्यंत यंत्राला थांबावं लागायचं. म्हणून कार्यक्रम लिहिणारा माणूस आज्ञा पिंपावर अशा ठिकाणी पेरायचा की एक आज्ञा संपेपर्यंत पुढची काट्याखाली आलेली असेल. आमच्याकडे तोफांच्या हालचालीचं वेळापत्रक असंच बसवतात, म्हणून मला हे पटकन कळलं.

त्यानंतर १९५९मध्ये त्याच संस्थेत रशियाचा 'उराल' सुरू झाला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूने पूर्ण देशी यंत्र बांधलं. ते १९६०मध्ये चालू झालं आणि जानेवारी १९६२मध्ये नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. सुमारे २७०० व्हॉल्व्ह, आणि २०४८ शब्दांची स्मृती. मग कोलकात्यात सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून ट्रान्झिस्टरवरचं यंत्र बनवलं. नाव सरळ दोन्ही संस्थांचं, 'इसिजू-१'. एप्रिल १९६६मध्ये त्याचं उद्घाटन केलं तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री महमदअली करीम छागला यांनी. हे तेच छागला, जे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

इतकं सगळं ज्या शहरात झालं, त्याच शहरात १९६०च्या दशकाच्या शेवटी दुसरी गोष्ट घडली. आयुर्विमा महामंडळाने इलाको हाऊस या इमारतीत कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं आणि कर्मचाऱ्यांनी तो बसू नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. आज आपल्याला याचं हसू येतं. पण त्यांची भीती खोटी नव्हती. फाळणीनंतरचं कोलकाता, घराघरात बेकार पदवीधर, आणि वर शंभर कारकुनांचं काम करणारं यंत्र. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही त्या दारात उभे राहिलो असतो. इतिहास वाचताना या दोन्ही बाजू मनात ठेवायच्या असतात.

आता प्रश्न असा, की ही यंत्रं गेली कुठे? ज्या पिढीतले एच.ई.सी., उराल आणि टिफ्रॅक होते, त्या पिढीतलं एकही यंत्र आपल्याकडे आज चालू अवस्थेत नाही. टिफ्रॅक १९६५मध्ये बंद झाला. इंग्लंडमध्ये काय झालं ते पाहा. एच.ई.सी.चा पहिला नमुना, १९५१चा, म्हणजे आपल्या यंत्राचा थोरला भाऊ, बर्मिंगहॅमच्या संग्रहालयाने जपून ठेवला. इंग्लंडमध्येच १९८९मध्ये कॉम्प्युटर जतन करणाऱ्यांची एक सोसायटी निघाली. तिच्यात भरणा निवृत्त इंजिनिअरांचा. त्या म्हाताऱ्यांनी हारवेलचं १९५१चं यंत्र गोदामातून काढलं, तीन वर्षं खपून दुरुस्त केलं आणि नोव्हेंबर २०१२मध्ये पुन्हा चालू केलं. टोनी सेल नावाच्या इंजिनिअरने तर युद्धकाळातल्या 'कोलोसस'ची पूर्ण प्रतिकृती उभी केली. युद्धानंतर ते यंत्र गुप्ततेपोटी मोडून टाकलं होतं. त्याच्याकडे होते थोडे जुने फोटो, काही इंजिनिअरांनी लपवून ठेवलेले आराखड्यांचे तुकडे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. १९९३मध्ये काम सुरू केलं, २००७मध्ये पुरं झालं.

हे सरकारने केलेलं नाही. हौशी लोकांनी केलंय. हौशी म्हटलं की आपल्याकडे जरा हलकं समजतात. पण कॉम्प्युटरच्या इतिहासात हौशी मंडळांनी मोठी कामं केली आहेत. ५ मार्च १९७५ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थाच्या गॅरेजमध्ये काही लोक जमले. नुकताच 'अल्टेअर' नावाचा सुट्या भागांचा कॉम्प्युटर बाजारात आला होता, तो पाहायला. त्या मंडळाचं नाव होमब्रू कॉम्प्युटर क्लब. त्या पहिल्या बैठकीला स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक हजर होता आणि पुढच्या वर्षी त्याच्या हातून 'अ‍ॅपल-१' तयार झाला. एका गॅरेजातून एवढं निघालं. आमच्या माडीवरून असं काही निघणार नाही, याची मला खात्री आहे. आमचं काम उलट्या दिशेचं आहे.

आता खिदिरपूरकडे वळू. बरानगरचा कॉम्प्युटर विद्वानांचा होता. खिदिरपूरचा कॉम्प्युटर लोकांचा होता, आणि तो दुसऱ्याच वाटेने आला.

इथे फॅन्सी मार्केट नावाचा बाजार आहे. गोदी जवळ, त्यामुळे खलाशी उतरले की परदेशी वस्तू इथे यायच्या. घड्याळं, टू-इन-वन, कॅल्क्युलेटर, अत्तरं. आपल्या मुंबईकरांना मनीष मार्केट आठवेल, तोच प्रकार. त्या काळात बाहेरची वस्तू आणायची म्हणजे परवाने आणि जबर जकात. नोव्हेंबर १९८४मध्ये राजीव गांधींच्या सरकारने कॉम्प्युटरचं नवं धोरण आणलं आणि बंधनं थोडी सैल झाली. तोवर घरात कॉम्प्युटर असणं ही कल्पनाच नव्हती. आणि इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२मध्ये सिंक्लेअरचा 'झेड एक्स स्पेक्ट्रम' निघाला होता. रबरी बटणांचा, पुस्तकाएवढा, ४८ किलोबाइटचा. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि कार्यक्रम साध्या कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने भरायचा. खलाशाच्या पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये तो सहज मावायचा.

आमच्या मंडळात एक निवृत्त जहाजी रेडिओ ऑफिसर आहेत. त्यांनी आपल्या मुलासाठी असा स्पेक्ट्रम इंग्लंडहून आणला, रीतसर जकात भरून. त्या पावतीवरचा आकडा मूळ किमतीपेक्षा मोठा आहे. ती पावती त्यांनी अजून जपली आहे आणि मला ती कॉम्प्युटरपेक्षाही मोलाची वाटते. कारण यंत्र कसं होतं ते कोणत्याही पुस्तकात मिळेल, पण ते आपल्यापर्यंत पोचायला काय पडलं, ते त्या पावतीवर आहे.

दुसरं यंत्र 'बीबीसी मायक्रो'. १९८४मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवण्याचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, सुरुवातीला २५० शाळांत. त्यासाठी हे इंग्लिश यंत्र निवडलं. तुमच्यापैकी आज पन्नाशीत असलेल्या काहींनी शाळेत बूट बाहेर काढून एका वातानुकूलित खोलीत जाऊन तो पाहिला असेल. पाहिला असेल म्हणतो, कारण हात लावायला मिळण्याची पाळी सगळ्यांवर आली नाही. पुढे ती यंत्रं जुन्या बाकांबरोबर भंगारात गेली. त्यातली दोन आमच्या माडीवर आहेत. किलोच्या भावाने घेतलेली.

आमच्या मंडळाचा पहिला नियम असा, की जुनं यंत्र मिळालं की प्लग लावायचा नाही. सगळ्यांची पहिली इच्छा तीच असते आणि तिथेच घात होतो. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये कागदाचे कंडेन्सर असतात. चाळीस वर्षांत त्यांच्या कवचाला तडे जातात, आत ओल शिरते. वीज दिली की मिनिटाभरात धडाका होतो आणि खोलीभर घाण वासाचा धूर. म्हणून आधी उघडायचं, बघायचं, ते कंडेन्सर बदलायचे. मग आमचे मिस्त्री सिरीज बल्ब लावतात. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांना ही युक्ती ठाऊक असेल. यंत्राच्या वाटेत एक साधा दिवा जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. त्यापुढच्या पिढीच्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटी बॅटरी पाटीवरच डाग देऊन बसवलेली असते. ती फुटून तिचा रस तांब्याच्या रेषा खातो. आणि कोलकात्याचा पावसाळा! फ्लॉपीवर बुरशी धरते, कॅसेटच्या यंत्रातला रबरी पट्टा वितळून काकवीसारखा होतो.

हे मिस्त्री खिदिरपूरचेच, दुकान त्यांचंच. त्यांचे वडील इथे ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे. शिक्षण शाळेपुरतं, पण बोर्ड उलटा करून रेषांवर बोट फिरवतात आणि दोष सांगतात. एक तरुण मुलगा आहे, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. तो मिस्त्रींना 'उस्ताद' म्हणतो, आणि ते योग्यच आहे. माझा हात सोल्डरिंगला बरा नाही, ते काम मी मागितलंही नाही. मला दिलं नोंदींचं काम.

फौजेत प्रत्येक तोफेची एक वही असते. ती कधी आली, किती गोळे झाडले, नळी कधी बदलली, सगळं त्यात. तोफ एका रेजिमेंटमधून दुसरीकडे गेली की वही तिच्याबरोबर जाते. मी म्हटलं, आपण प्रत्येक कॉम्प्युटरची अशी वही करू. आणि त्यात दुरुस्तीबरोबर हेही लिहू, की हा कोणाकडे होता, त्याने त्यावर काय केलं, तो का बंद पडला. माणसं देताना सांगतात, "बाबांनी दुकानाचा हिशोब ठेवायला घेतला होता," "माझ्या भावाने यावर पहिला खेळ लिहिला." तेव्हाच लिहून घेतलं नाही तर ते दारातून बाहेर पडताच संपतं. आता अशा छत्तीस वह्या झाल्या आहेत.

या कामात काय पणाला लागतं, हे मला गेल्या वर्षी नीट कळलं. कोलकात्यात मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथे गणपतीला सगळे भेटतात. तिथे ओळख झालेल्या एका आजींनी मला एक बिस्किटांचा डबा दिला. आत नऊ फ्लॉपी, सव्वापाच इंची, मोठ्या, लवचिक. त्यांचे यजमान इथल्या एका कंपनीत इंजिनिअर होते. १९९२च्या सुमारास त्यांच्या आईला, म्हणजे या आजींच्या सासूबाईंना, वाईकडून इकडे राहायला आणलं. त्या बाईंना जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. कोलकात्याच्या फ्लॅटमध्ये जातं कुठलं, पण त्या संध्याकाळी ओव्या म्हणायच्या आणि मुलगा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. मायलेक दोघंही आता नाहीत. घरात कागदावर एकही ओवी नाही.

आजी मला म्हणाल्या, "भाऊ, सासूबाईंचं आणि माझं फारसं जमलं नाही. पण त्यांच्या ओव्यांत माझं नाव एकदा आलं होतं, असं हे म्हणायचे. तेवढं बघा."

आता यात अडचण दुहेरी. एक म्हणजे फ्लॉपी वाचायची. बुरशी आलेली फ्लॉपी यंत्रात घातली तर तिचा थर खरवडला जातो आणि यंत्राचं वाचायचं डोकंही खराब होतं. म्हणून पाकीट कापून आतली चकती बाहेर काढली, स्पिरिटसारख्या शुद्ध अल्कोहोलने हलक्या हाताने पुसली, दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घातली. मग त्या मुलाने एका छोट्या उपकरणाने चकतीवरचे चुंबकीय चढउतार जसेच्या तसे नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. एका चकतीला एकदाच संधी असते, असं धरूनच हे करावं लागतं.

दुसरी अडचण लिपीची, आणि ही आपल्या सगळ्यांची आहे. आज मोबाइलवर मराठी लिहिणं सोपं झालंय कारण युनिकोड आहे. १९९२ साली ते आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' नावाचं कार्ड काढलं होतं. ते कॉम्प्युटरमध्ये बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. अक्षरं साठवली जायची 'इस्की' नावाच्या भारतीय सांकेतिक पद्धतीत. १९९१मध्ये तिचं सरकारी प्रमाणक झालं. युनिकोडमधली आपली अक्षरं बऱ्याच अंशी त्याच रचनेवरून घेतलेली आहेत. त्यामुळे इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. पण त्याच काळात अनेक ठिकाणी वेगळाच मार्ग होता. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेले फॉन्ट. तो फॉन्ट हरवला की फाइलमध्ये नुसता इंग्रजी कचरा दिसतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत, मासिकांत, संस्थांत असा कचरा झालेला मराठी मजकूर आज पडून आहे.

आमच्या फ्लॉपीत इस्की निघालं, आणि एक गोष्ट सुदैवाची. त्या गृहस्थांनी वर्डस्टार वापरला होता. वर्डस्टार नेहमीच्या पद्धतीत स्वतःच्या खुणांसाठी अक्षरांचा आठवा बिट वापरतो. इंग्रजीला सात बिट पुरतात, म्हणून तिथे चालतं. पण इस्कीत सगळी देवनागरी त्या आठव्या बिटावरच उभी आहे. खुणा आणि अक्षरं एकमेकांत घुसली असती. ते इंजिनिअर, त्यांना हे माहीत होतं. सगळं त्यांनी साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहिलं होतं. तीस वर्षांपूर्वीच्या त्या एका नेटकेपणामुळे आमचं काम झालं. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला आपला खास मराठी अर्धा रसुद्धा बरोबर जागी होता.

नऊपैकी सात फ्लॉपी पूर्ण वाचल्या. आठवी अर्धी. नववीवर बुरशीने काही ठेवलं नव्हतं. एकूण तीनशे बारा ओव्या निघाल्या. मी त्या छापून, बांधून आजींना दिल्या. त्यांच्या नावाची ओवी त्यात सापडली नाही. कदाचित नवव्या फ्लॉपीत असेल. हे सांगताना मला जड गेलं. त्यांनी ती वही मांडीवर घेतली, बराच वेळ चाळली, आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मी ऐकलीय. स्वयंपाकघरातून." मग त्यांनी ती म्हणून दाखवली. आम्ही ती चाल ध्वनिमुद्रित केली. फाइलमध्ये शब्द होते, चाल नव्हती. ती आजींच्या गळ्यातच होती.

महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या येत आहेत. त्या सागरापुढे आमच्या तीनशे बारा म्हणजे एक ओंजळ. पण ती ओंजळ आमच्याशिवाय कोणी भरली नसती.

म्हणून मला वाटतं, जुन्या कॉम्प्युटरचा नाद हा नुसता यंत्रांचा नाद नाही. ताम्रपट वाचायला ब्राह्मी येणारा माणूस लागतो, बखर वाचायला मोडी येणारा लागतो. तशी १९८० ते २००० या वीस वर्षांची कागदपत्रं वाचायला चालू फ्लॉपी ड्राइव्ह आणि वर्डस्टार माहीत असलेला माणूस लागणार आहे. मोडी जाणणारे कमी झाल्यावर आपण वर्ग काढले. शिवकाळातला कागद साडेतीनशे वर्षं टिकला. फ्लॉपी चाळीस वर्षंही धड टिकत नाही. इथे वर्ग काढायला तेवढी सवड नाही.

जाता जाता थोडी कामाची गोष्ट सांगतो. घरात माळ्यावर जुना कॉम्प्युटर असेल तर तो लगेच चालू करून बघू नका. आधी जाणकाराला दाखवा. फ्लॉपी असतील तर उन्हात, स्पीकरजवळ किंवा ओलीत ठेवू नका, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली असतील तर त्यांच्याबरोबर तो फॉन्टही जपा. आणि सगळ्यात सोपं काम, एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, हे यंत्र कोणाचं, कधी घेतलं, काय किमतीला, त्यावर काय केलं. तो कागद यंत्राला चिकटवून ठेवा. पुणे, नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदे, कुठेही असा, तुमच्या गावात असे चार हौशी लोक नक्की असतील. एखादा रेडिओवाला, एखादा निवृत्त टेलिफोन खात्यातला, एखादा कॉलेजचा पोरगा. त्यांना एका खोलीत बसवा. बाकीचं ते करतील.

पुढच्या भागात आपण कोलकात्याच्या मराठा खंदकाबद्दल सविस्तर बोलू. तोवर रजा घेतो.

जय हिंद.